गायरानावर सोलर की गवत? २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आकडा मांडायचाय, मदत करा

येरळाकाठ (रविवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यातलं आमचं गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण गावात आधीच दोन तट पडलेत आणि मला ते वाढवायचे नाहीत. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. गावाला ११२ एकर गायरान आहे, मुरमाड माळ सगळा, वरच्या अंगाला एक पाझर तलाव. त्यातली ४० एकर सौर कृषी वाहिनी योजनेत सोलरला द्यायची असा विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत येतोय. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख अशी ३ वर्षं, म्हणजे १५ लाख, आणि शेतकऱ्याला दिवसा लाईट. दिवसा लाईट पाहिजेच. माझे वडील सत्तरीत आहेत आणि अजून रात्री बाराला मोटर चालू करायला जातात, पायाखाली काय येईल त्याचा नेम नाही, त्यामुळं मी सोलरच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो.

पण ४० एकर निवडलीय ती सगळ्यात सपाट आणि सगळ्यात गवताची. काल संध्याकाळी तिथं जाऊन बसलो होतो. पवन्या गवत गुडघ्याच्या वर आलंय, मधेच मारवेल गवताचे पट्टे, आणि जिथं मुरूम उघडा पडलाय तिथं धाविकची जोडी होती. हा पक्षी मी लहानपणी शेळ्या राखताना बघायचो पण नाव आत्ता आत्ता कळलं. पळतो, एकदम थांबतो, वाकून काहीतरी टिपतो आणि परत पळतो. पलीकडं खोकडाचं बीळ आहे, तोंडाशी माती ताजी होती. थंडीत भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) येतात ते याच तुकड्यावर, नाकतोडे खायला. लांडगा मी स्वतः दोनदा बघितलाय, मेंढपाळांना तर दरवर्षी दिसतो.

मासिक मीटिंगला हे बोललो तर एकच प्रश्न आला, "सोलरचे १५ लाख, तुझ्या गवताचे किती ते सांग." मला उत्तर देता आलं नाही. तेच घेऊन इथं आलोय. आकडा कसा काढायचा, गावाच्या विकास आराखड्यात कुठं बसवायचा आणि पैसा कुठनं आणायचा, ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा.

---

पाखरवेडा_मायणी (रविवार, रात्री १०.३०)

दादा, संवर्धन राखीवसाठी प्रयत्न करा ना! मायणीला तसंच झालं, २०२१ ला मायणी पक्षी संवर्धन राखीव जाहीर झालं, मायणीबरोबर येरळवाडी, सूर्याचीवाडी, कानकात्रे हे तलाव त्यात आले. येरळवाडीला रोहित (फ्लेमिंगो) उतरले की लोक पुण्यावरनं बघायला येतात. आटपाडीलाही संवर्धन राखीव झालंय, साडेनऊ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे फार मोठा एरिया नाही, पण आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या माळाला कागदावर किंमत मिळाली ही केवढी मोठी गोष्ट आहे. तुमच्या गायरानाचाही प्रस्ताव करा, फोटो आणि पक्ष्यांची यादी करायला मी येतो, दुर्बीण आहे माझ्याकडं.

---

निवृत्त_ग्रामसेवक (सोमवार, सकाळी ६.४५)

प्रस्ताव जरूर करा पण आधी कायदा नीट समजून घ्या, नाहीतर गाव बिथरेल. वन्यजीव कायदा १९७२ चा, त्यात नंतर कलम ३६ अ आणि ३६ क आलं. ३६ अ म्हणजे संवर्धन राखीव, ते सरकारी जमिनीवर, मुख्यतः अभयारण्याशेजारच्या किंवा दोन जंगलं जोडणाऱ्या. ३६ क म्हणजे समुदाय राखीव, गावानं किंवा खासगी मालकानं स्वतःहून पुढं येऊन द्यायची जमीन, आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीनं किंवा ग्रामसभेनं दिलेली माणसं असतात. चांगली तरतूद आहे. पण एकदा जाहीर झालं की तिथला जमिनीचा वापर समितीच्या ठरावाशिवाय आणि सरकारच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही, हे गावाला पहिल्या दिवशी सांगा. लपवून ठेवलंत तर पुढं तुमच्याच अंगावर येईल.

दुसरं, जाहीर झालं म्हणजे पैसे आले असं होत नाही. बोर्ड लागतो, पाहणी होते, पण दरवर्षी कुरण राखायला, राखणदाराला, गवताच्या बियाण्याला पैसा लागतो तो कुठल्या तरी खर्चाच्या हेडखाली पडावा लागतो. मी ३१ वर्षं गावांचे आराखडे केले. ज्या कामापुढं हेड नाही ते काम चर्चेत राहतं, वहीत येत नाही.

तिसरं, तुमच्या गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे का आणि लोकजैवविविधता नोंदवही कुठं आहे ते बघा. २००२ च्या कायद्यानं समिती प्रत्येक गावात पाहिजेच, आणि त्याच कायद्यात गावपातळीवरच्या जैवविविधता निधीची तरतूद आहे, व्यापारासाठी कुणी इथली जैविक संपत्ती गोळा केली तर समिती त्यावर शुल्क लावू शकते.

---

येरळाकाठ (सोमवार, दुपारी १.१५)

काका, नोंदवही सापडली, कपाटात सगळ्यात खाली, प्लास्टिकच्या पिशवीत. वाचून फार वाईट वाटलं. आमच्या गावात साग, ऐन आणि शेकरू आहे असं लिहिलंय. आमच्याकडं शेकरू कुठनं येणार, बसायला तेवढं उंच झाड तर पाहिजे. पश्चिमेकडच्या कुठल्यातरी गावाची नोंदवही नाव बदलून छापलीय. पवन्या नाही, मारवेल नाही, लांडगा नाही, धाविक नाही. समितीत माझ्या चुलत्यांचं नाव आहे, त्यांना विचारलं तर त्यांना माहीतच नाही.

---

निवृत्त_ग्रामसेवक (सोमवार, दुपारी २.००)

त्याचं कारण मला माहिती आहे. २०१९ ला हरित लवादाचा आदेश आला की ३१ जानेवारी २०२० पर्यंत देशातल्या सगळ्या स्थानिक संस्थांच्या समित्या आणि नोंदवह्या पूर्ण पाहिजेत, नाहीतर राज्याला महिन्याला १० लाख दंड. मग ठिकठिकाणी बाहेरच्या माणसाला काम दिलं गेलं आणि त्यानं एकाच साच्यातनं पन्नास गावं काढली. हेतू चांगला होता, घाईनं घात केला. पण नोंदवही दुरुस्त करता येते. ग्रामसभेत ठराव घ्या, चौदा-पंधरा दिवस आहेत, म्हाताऱ्या माणसांना आणि मेंढपाळांना बसवून खरी यादी करा. सोलरवाल्याच्या नकाशासमोर ठेवायला गावाचा स्वतःचा कागद पाहिजे.

---

कासचा_वाटाड्या (सोमवार, रात्री ११.२०)

सीझन चालू आहे त्यामुळं आत्ता वेळ मिळाला. आमच्याकडं कासला पैसा आहे, म्हणून आमचा अनुभव सांगतो. कास, कासाणी, एकीव, आटाळी या गावांच्या वन समित्या मिळून पठार सांभाळतात, २०१२ ला युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांत कास आलं आणि गर्दी लोंढ्यानं यायला लागली. तिकिटाच्या पैशातनं गावातली पोरं राखणीला, पार्किंगला, गाईड म्हणून कामाला लागतात. नाहीतर ही पोरं मुंबईला माथाडीत गेली असती.

पण दादा, तिकिटाचा पैसा फुलांच्या दीड-दोन महिन्यांचा असतो आणि फुलं बघायला माणूस येतो तिथंच असतो. आमच्या शेजारच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) तीच फुलं आहेत, तीच सीतेची आसवं, तोच गेंद, पण तिथं गेट नाही म्हणून तिथल्या गावाला रुपया नाही. आणि पठाराला कुंपण घातलं तेव्हा गुरं बंद झाली, मग गवत माजलं आणि बुटकी फुलं दबली असं आमची जुनी माणसं सांगत होती, कुंपण पुढं काढलं. म्हणून तुम्ही माळाला तार मारायच्या भानगडीत पडू नका, गुरांच्या तोंडाला माळ लागतोच, फक्त कधी आणि किती ते ठरवा.

अजून एक मनातलं बोलतो. कास तलावाचं पाणी साताऱ्याला जातं. पाणलोट आम्ही राखायचा, चराई आम्ही कमी करायची, आणि साताऱ्याच्या पाणीपट्टीत आमच्या गावांचा वाटा काहीच नाही. हिमाचलात पालमपूरच्या नगरपरिषदेनं झऱ्याच्या वरचं जंगल राखणाऱ्या गावाशी करार करून दरवर्षी पैसे द्यायचं ठरवलं, ते आपल्याकडं का होऊ नये?

---

हरित_वडूज (मंगळवार, सकाळी ८.०५)

येरळाकाठ भाऊ, सोप्पा उपाय, त्या ४० एकरात १० हजार झाडं लावा. एकदा झाडं लागली की सोलरवाले हात लावणार नाहीत. रोपं आम्ही देतो.

---

पाखरवेडा_मायणी (मंगळवार, सकाळी ८.४०)

भाऊ तुमची तळमळ कळते, पण माळावर दाट झाडी केली की माळ गेलाच. धाविक, चंडोल, माळटिटवी यांना उघडी जमीन लागते, लांडग्याला लांबवर दिसावं लागतं. महसुली कागदात "पडीक" लिहिलंय म्हणून आपणही त्याला रिकामा समजतो. चर खोदून ग्लिरिसिडिया लावलेले माळ बघितलेत मी, गवत दबून जातं आणि मेंढ्या त्या बाजूला फिरकत नाहीत. झाडं ओढ्याच्या कडेनं, पाझर तलावाच्या खाली लावा, तिथं ती पूर्वीपास्नं होतीच.

---

ऊसवाला_पलूस (मंगळवार, रात्री ९.१०)

माझा विषय वेगळा वाटेल पण जोडून घ्या. आमच्या इथनं सागरेश्वर जवळ. तो डोंगर धों. म. मोहित्यांनी आणि लोकांनी मिळून उघड्या बोडक्या माळाचा हिरवा केला, आज १०.८७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण जनावर काय हद्दीचा दगड वाचत नाही. सांबर-चितळाला ऊस लागतोच आणि बिबट्याला तर ऊस म्हणजेच जंगल.

गेल्या हंगामातली गोष्ट. माझ्या अडीच एकरात तोड चालू होती, सकाळी नऊच्या सुमारास टोळीतल्या एका ताईनं कोयता खाली टाकला आणि सगळ्यांना गप्प बसा म्हणून हात केला. पाचटात बिबट्याची दोन पिल्लं, डोळे नुकतेच उघडलेले, मांजराच्या पिल्लाएवढी. तोड बंद. वन खात्याची माणसं आली, संध्याकाळी पिल्लं तिथंच क्रेटमध्ये ठेवली, कॅमेरा लावला. पहिल्या रात्री आई आली आणि गेली, नेलं नाही. दुसऱ्या रात्री अडीचला एक नेलं, पहाटे दुसरं. सगळ्यांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण तीन दिवस टोळी बसून कशी राहणार, ती पुढच्या फडाला गेली, माझा राहिलेला ऊस २३ दिवसांनी तुटला, वजन घटलं ते घटलं. मी काही मागितलं नाही आणि कुणी दिलंही नाही. बिबट्यानं माणूस मारला तर २५ लाख आहेत, गाय मारली तर भरपाई आहे, पण पिल्लं वाचावीत म्हणून तोड थांबवली त्याला काय? पुढच्या वर्षी शेजारी फड पेटवून मग तोड घेईल, कारण पाचट पेटवलं की काही दिसत नाही.

---

राजश्री_क (बुधवार, सकाळी ११.३०)

ऊसवाले दादा, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. मी तासगावची, पण काही वर्षं सिंधुदुर्गात कामाला होते. तिथं यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) आणि ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटीच्या पैशातनं एक मोठा प्रकल्प झाला. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून कागदावर आहे, जेमतेम २९ चौरस किलोमीटर. प्रकल्पवाल्यांनी पैसा त्या २९ किलोमीटरच्या आत ठेवला नाही, जिल्ह्यातली मासेमारी, भातशेती, पर्यटन यात घातला. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटी चौकोनी आसाची जाळी, म्हणजे बारीक मासा निसटून जातो. भाताला श्री पद्धत, म्हणजे कमी पाण्यात, कमी बियाण्यात लागवड. बायकांच्या गटांना कांदळवनात खेकडापालन, कालवं. पैसा मिळवता मिळवता समुद्र राखला गेला पाहिजे, असा तो विचार होता आणि मला तो मनापासून पटला.

आणि तुमच्या बिबट्याच्या पिल्लांसारखीच गोष्ट तिथं आहे. जाळ्यात कासव किंवा संरक्षित मासा अडकला आणि कोळ्यानं जाळं कापून त्याला सोडलं तर जाळ्याचे जास्तीत जास्त २५ हजार रुपये मिळतात, फोटो काढून अर्ज करायचा, कांदळवन कक्ष आणि मत्स्य खातं बघतं. सुरुवातीला मला वाटायचं एवढ्यानं काय होतंय. पण "आम्ही सोडलं" हे लोक अभिमानानं सांगायला लागले. ऊस थांबवणाऱ्या शेतकऱ्यासाठी असंच काही का नको? कारखान्याच्या बिलातनं टनामागं ऊसतोड कामगारांच्या महामंडळाला पैसे जातातच, तसा टनामागं एक रुपया जरी "थांबलेल्या फडासाठी" बाजूला काढला तर दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याकडं वर्षाला दहा लाख जमतील. असे फड वर्षाला किती निघतील? पंधरा? वीस? आणि आधी त्याच शेतकऱ्याकडं टोळी परत पाठवायची एवढं जरी चिटबॉयनं (कारखान्याचा तोडीचा क्रम लावणारा माणूस) बघितलं तरी निम्मं काम होतं, त्याला पैसाही लागत नाही.

---

शिराळ्याचा_संग्राम (बुधवार, रात्री १०.००)

चांदोलीच्या कडंला राहतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० ला झाला, चांदोली आणि कोयना मिळून बफरसकट ११६५ चौरस किलोमीटर. व्याघ्र प्रकल्पाला केंद्राचा हिस्सा असतो, उभारणीच्या कामाला ६० टक्के आणि दरवर्षीच्या खर्चाला ५०, शिवाय पर्यटनाचा पैसा प्रकल्पाच्या प्रतिष्ठानकडं राहतो, बफरच्या गावांना गॅस वगैरे मिळतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण खालच्या अंगाला गव्यांचा कळप भातात उतरला की तो शेतकरी आणि कोयनेची १९६० मेगावॅट वीज यांचा काही संबंध आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही. धरणात गाळ कमी येतो तो वरचं जंगल आहे म्हणून. आमच्याआधीच्या पिढीनं गावं सोडली त्या जंगलासाठी आणि धरणांसाठी. युनिटमागं एक पैसा या डोंगराला द्या एवढंच म्हणणं आहे.

---

माडग्याळी (गुरुवार, पहाटे ५.२०)

आमी जत पूर्व भागातलं मेंढरंवालं. पोरगं टाईप करून देतंय. येरळाकाठ दादा, तुमच्या माळाचा आकडा तुमाला कुणी सायब देणार न्हाई, मेंढराच्या पोटातनं काढा. एक मेंढरू दिवसाला चार किलो वलं गवत खातं. श्रावण ते कार्तिक चार महिनं माळावर ऱ्हातं. किती मेंढरं-शेळ्या हायत मोजा, वैरणीचा भाव धरा, झाला आकडा. आन दुसरं, मेंढरं माळावर जगली तर उन्हाळ्यात शेतात बसाय येत्यात, त्या लेंडीखतावर जवारी आन हळद कशी येती ते इचारा. माळ गेला की आमी त्या वाटंनं येणार न्हाई. लांडगं बी आमच्या मागनंच असतंय. एखादं कोकरू नेतंय, वाईट वाटतं, पन आमच्या बापानं कदी लांडग्याची पिल्लं मारली न्हाईत.

---

येरळाकाठ (शुक्रवार, रात्री ११.४०)

माडग्याळी अण्णा, तुमच्या पोरालाही आणि तुम्हालाही रामराम. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ माळाच्या वाटेवर उभं राहून मोजलं. शेळ्या-मेंढ्या मिळून ३५० धरतो. ३५० गुणिले ४ किलो गुणिले १२० दिवस, १६८ टन ओलं गवत. वैरणीचा भाव किलोला २ रुपये, कमीतकमी धरलाय, ३ लाख ३६ हजार. हा ११२ एकराचा आकडा. ४० एकराच्या वाट्याला वर्षाला १ लाख २० हजार.

पहिल्यांदा बघून खचलो, कारण ५ लाखापुढं सव्वा लाख म्हणजे काहीच नाही. मग काकांना फोन केला, त्यांनी दोन प्रश्न विचारले. सोलरचा करार किती वर्षांचा? २५. ग्रामपंचायतीला पैसे किती वर्षं? ३. म्हणजे १५ लाख विरुद्ध ३० लाख, आणि तेही वैरणीचा भाव २५ वर्षं वाढणारच नाही असं धरून.

अजून एक कळलं. याच योजनेत खासगी जमीन घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे. ४० एकर म्हणजे १६ हेक्टर, म्हणजे २० लाख वर्षाला. गायरान मात्र नाममात्र भाड्यानं जातं. आमच्या गावात उपकेंद्राच्या बाजूला ज्यांची खडकाळ पडीक रानं आहेत, ज्यात कुसळाशिवाय काही येत नाही, त्यांच्या घरात हे २० लाख जाऊ शकतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आज तिघांना जाऊन सांगितलं, दोघं सातबारा घेऊन उद्या येतायत.

---

निवृत्त_ग्रामसेवक (शनिवार, सकाळी ७.००)

शाब्बास. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडा. १५ लाख ग्रामपंचायतीच्या खात्यात येणार होते, गवताचे ३० लाख मेंढपाळांच्या आणि शेळीवाल्या बायकांच्या घरात राहणार आहेत. ग्रामपंचायत म्हणेल आमच्या गटारीचं काय. म्हणून राखलेल्या कुरणातलं थोडं गवत कापून लिलाव करायची तरतूद ठेवा, ती रक्कम पंचायतीला दिसू दे. आराखड्यात कुरणविकास रोहयोत बसवा, बियाणं आणि राखणदार अबंधित निधी (ठरावीक कामाला न बांधलेला) किंवा स्वनिधीतनं. बंधित निधी पाणी-स्वच्छतेचा असतो, त्यातनं पाझर तलावाचं काम घ्या. साखर कारखान्याच्या किंवा कंपनीच्या सीएसआरमागं (सामाजिक कामाचा निधी) पहिल्या वर्षी लागू नका, आधी गावाचे पैसे घाला, मग बाहेरचा विचारतो.

---

येरळाकाठ (३ ऑक्टोबर, रात्री १०.१५)

काल सभा झाली, साडेतीन तास. सगळं मिळालं नाही ते आधी सांगतो. गायरानातली जुन्या मुरमाच्या खाणीकडची १४ एकर सोलरला द्यायचा ठराव झाला, तिथं गवत नव्हतंच, मीही हात वर केला. बाकीचं खासगी रानात बघायचं असं ठरलं, तीन शेतकऱ्यांनी लेखी दिलंय, पण मंजुरी त्यांच्या हातात नाही. समुदाय राखीवला लोक तयार नाहीत, "एकदा दिलं की परत मिळत नाही" म्हणाले, काकांच्या सांगण्यावरनं मी काही लपवलं नव्हतं, त्यामुळं निदान कुणी चिडलं नाही. विषय पुढच्या वर्षी.

पण माळाचे तीन भाग करून दरवर्षी एक भाग बी पडेपर्यंत बंद ठेवायचा हे आराखड्यात आलं, पुढं ९० हजार रुपये लिहून. नोंदवही नव्यानं करायचा ठराव झाला, माझ्या चुलत्यांनी समितीत स्वतःबरोबर दोन मेंढपाळ घ्यायला लावले. मतदानाआधी हिराआत्या उठल्या, त्यांच्या सात शेळ्या आहेत, म्हणाल्या, "मला हिशोब कळत न्हाई पर चार महिनं मला वैरण इकत घ्यावी लागत न्हाई, ती घ्यावी लागली तर शेळ्या इकाव्या लागतील." मग कुणी काही बोललं नाही.

आता एक अडचण. बंद ठेवायच्या भागात वरच्या बाजूला सात-आठ एकर पार उघडी पडलीय, तिथं पवन्याचं बी टाकायचंय, दुकानात मिळत नाही. कुणाकडं आहे का?

---

माडग्याळी (४ ऑक्टोबर, पहाटे ५.०५)

दिवाळीच्या आसपास बी पिकतं. आमच्या माळावर झोडून पोतं भरतो आन यस्टीनं वडूजला लावून देतो. पन ते लगेच टाकू नका, मुंग्या नेत्यात. शेण-मातीत गोळं करून ठेवा, रोहिणीत टाका. मारवेलचं बी काय कामाचं न्हाई, त्याची ठोंबं लावावी लागत्यात, पाऊस लागला की या, न्यायला दोन माणसं आणा.